गोवा, पोर्तुगाल आणि दारावर विचारायचा प्रश्न



दरवर्षी १९ डिसेंबरला आपण फळ्यावर 'गोवा मुक्ती दिन' असं लिहितो आणि परिपाठात दोन ओळी सांगतो. १५१० पासून गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य होतं, १९६१ मध्ये भारतीय सैन्याने ते संपवलं. घंटा होते, गणिताचा तास सुरू होतो. पण भारत १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, मग गोव्याला आणखी चौदा वर्षं का लागली? हा प्रश्न आपण मुलांना विचारत नाही आणि बहुतेक वेळा मुलंही आपल्याला विचारत नाहीत.

या चौदा वर्षांच्या उत्तरात लोकशाहीचा एक मोठा धडा आहे, असं माझं मत आहे. तो धडा फक्त गोव्याचा नाही. आज जे देश एखाद्या मोठ्या गटात सामील व्हायला रांगेत उभे आहेत, त्यांच्याबद्दलच्या बातम्या समजून घ्यायलाही तो उपयोगी पडतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गटात घेताना काय विचारतात?

आपल्या बोरी अरबसारख्या गावात महिलांचे बचत गट आहेत. नवीन बाई गटात यायची म्हटली की बाकीच्या विचारतात, महिन्याचे पैसे वेळेवर भरशील ना? मीटिंगला येशील ना? सोसायटीचं सभासद व्हायचं तर सात-बारा मागतात. म्हणजे कोणताही गट नव्या माणसाला काहीतरी विचारूनच आत घेतो. काय विचारायचं हे मात्र तो गट ठरवतो, आणि त्यावरून गटाचा स्वभाव कळतो.

देशांचे गट असेच असतात. कोणी संरक्षणासाठी एकत्र येतो, कोणी व्यापारासाठी. नवा देश दारावर आला की दोन प्रकारचे प्रश्न विचारता येतात. पहिला, तू आमच्या काय कामाचा? दुसरा, तू तुझ्या माणसांना कसं वागवतोस? गोव्याच्या कहाणीत हे दोन्ही प्रश्न येतात. एका दारावर फक्त पहिला विचारला गेला, दुसऱ्या दारावर दुसराही. दोन्ही वेळा दारावर उभा असलेला देश एकच होता, पोर्तुगाल.

घरात काय चाललं होतं?

१९२६ मध्ये पोर्तुगालमध्ये लष्कराने सत्ता घेतली. १९३२ मध्ये सालाझार पंतप्रधान झाले आणि १९६८ मध्ये आजारी पडेपर्यंत त्यांनी खुर्ची सोडली नाही. नावाला निवडणुका होत, पण विरोधी पक्ष मोकळेपणी उभा राहू शकत नसे. वर्तमानपत्र छापण्याआधी सरकारी माणूस तपासायचा. 'पीदे' नावाचे गुप्त पोलीस होते. ते कोणालाही उचलून नेत.

लिस्बनमध्ये ही स्थिती, तर गोव्यात काय असेल? सभा घ्यायला बंदी, संघटना काढायला बंदी. लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सरकारी नजरेखालून जायची. मुलांना हे सांगितलं की ती हसतात, मग एकदम गप्प होतात. लग्नपत्रिकेत राजाविरुद्ध काय असणार? हाच तर मुद्दा आहे. ज्या सरकारला लग्नपत्रिकेची भीती वाटते, त्याला आपल्याच माणसांची भीती वाटत असते.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात बंदी मोडून सभा घेतली. त्यांना पकडून हद्दीबाहेर पाठवलं. पण गोव्याच्या स्वातंत्र्य चळवळीचे जुने नेते त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयासमोर उभं करून आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन कोंडलं. गुन्हा काय, तर लोकांना त्यांचे हक्क सांगितले.

आपल्या जिल्ह्यात १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, तो मुलांना माहीत असतो. तेव्हा आपण इंग्रजांच्या राज्यात होतो. गोव्यात मात्र असा सत्याग्रह करायची वेळ दिल्लीत तिरंगा फडकल्यानंतरही होती, हे मुलांना ठाऊक नसतं.

पहिलं दार: विहीर असलेला सभासद

४ एप्रिल १९४९ रोजी 'नाटो' हा लष्करी गट स्थापन झाला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स असे बारा देश होते. या कराराच्या सुरुवातीलाच लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य या तत्त्वांचा उल्लेख आहे. आणि त्या बारा जणांमध्ये सालाझारचा पोर्तुगालही पहिल्या दिवसापासून होता!

असं का झालं? अटलांटिक महासागरात अझोर नावाची बेटं आहेत. ती पोर्तुगालची. अमेरिकेहून युरोपला जाणारी विमानं तिथे उतरू शकतात. त्यामुळे लष्कराच्या दृष्टीने त्या बेटांना फार किंमत होती. आपल्या भाषेत सांगायचं तर, या माणसाच्या शेतात मोक्याच्या जागी विहीर होती, म्हणून तो घरच्यांना कसं वागवतो हे कोणी विचारलंच नाही.

एकदा आत आल्यावर पोर्तुगालला कवच मिळालं. १९५१ मध्ये त्यांनी आपल्या घटनेत बदल केला आणि वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे गोवा ही वसाहत नाहीच, तो पोर्तुगालचाच एक जिल्हा! डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचाही सदस्य झाला. तुमच्या ताब्यात स्वराज्य नसलेले प्रदेश कोणते आहेत, अशी विचारणा तिथून झाली, तेव्हा उत्तर आलं, एकही नाही.

शब्द बदलला की प्रश्न मिटतो, ही सत्ताधाऱ्यांची फार जुनी युक्ती आहे. भाषा शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती मुलांना नक्की दाखवावी. 'वसाहत' म्हटलं की तिथल्या लोकांना स्वातंत्र्य मागता येतं. 'प्रांत' म्हटलं की तीच मागणी देशद्रोह ठरते.

१९५५ चं वर्ष

१५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो नि:शस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेवरून आत शिरले. त्यात महाराष्ट्रातली माणसं खूप होती. पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या चालवल्या आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री यांनी मिळून एक निवेदन काढलं. त्यात पोर्तुगालच्या पूर्वेकडच्या 'प्रांतां'चा उल्लेख होता. शब्द सालाझारचा आणि तोंड लोकशाही देशाच्या मंत्र्याचं. भारतात याचा फार राग आला होता आणि तो योग्यच होता.

याच वर्षातली आणखी एक गोष्ट मला शिक्षक म्हणून जास्त जवळची वाटते. मोहन रानडे हे मूळचे सांगलीचे. गोव्यात जाऊन ते मराठीचे शिक्षक झाले आणि आझाद गोमंतक दलात काम करू लागले. या दलाचा मार्ग सशस्त्र होता. १९५५ मध्ये एका पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. पुढे त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या तुरुंगात ठेवलं. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण रानडे सर तुरुंगातच राहिले. गायक-संगीतकार सुधीर फडके यांच्यासारख्यांनी त्यांच्या सुटकेसाठी खूप धडपड केली. शेवटी जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. ज्या गोव्यासाठी ते तुरुंगात गेले, तो मुक्त होऊनही सात वर्षं उलटली होती!

हिंसेचा मार्ग बरोबर की चूक, यावर वर्गात चर्चा व्हायला हरकत नाही, व्हावीच. पण सभा, संघटना, वर्तमानपत्र असे सगळे शांततेचे मार्ग ज्या राज्यात बंद असतात, तिथे माणसं कोणत्या मार्गाला लागतात, हाही त्या चर्चेचा भाग असला पाहिजे.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि १९ तारखेला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. त्याआधी सुरक्षा परिषदेत भारताने माघार घ्यावी असा ठराव आला. अकरापैकी सात मतं त्या ठरावाच्या बाजूने पडली. त्यात अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान हे नाटोचे चारही सभासद होते. सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून तो ठराव पडला. तुर्कस्तानचं नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

दुसरं दार: हुकूमशाहीला प्रवेश नाही

आता दुसरा गट बघू. पश्चिम युरोपातल्या देशांनी १९५८ पासून व्यापारासाठी युरोपीय आर्थिक समुदाय चालवायला घेतला. त्यालाच आज आपण युरोपीय संघ म्हणतो. या गटाने पोर्तुगालशी १९७२ मध्ये व्यापाराचा करार केला, म्हणजे तेही काही अगदी संत नव्हते. पण सभासद म्हणून घरात घ्यायचं तर देश लोकशाही हवा, ही अट होती. ग्रीसमध्ये १९६७ साली लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा त्याच्याशी झालेला करारही या गटाने गोठवून ठेवला होता.

२५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालमध्ये क्रांती झाली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकीत फुलं खोचली, तीच ही क्रांती. मारिओ सोआरेस नावाचे एक वकील होते. पीदेने त्यांना अनेकदा तुरुंगात टाकलं होतं, दूरच्या बेटावर हद्दपारही केलं होतं. ते नव्या सरकारात परराष्ट्रमंत्री झाले. त्यांच्याच काळात ३१ डिसेंबर १९७४ रोजी भारत आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि गोवा भारताचा भाग आहे, हे पोर्तुगालने मान्य केलं. पुढे तेच सोआरेस पंतप्रधान झाले. १९७७ मध्ये पोर्तुगालने युरोपीय गटाकडे अर्ज केला आणि १ जानेवारी १९८६ पासून तो सभासद झाला.

हा क्रम मुलांना फळ्यावर नक्की लिहून द्या. आधी स्वतःच्या लोकांना स्वातंत्र्य, मग दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याला मान्यता, आणि त्यानंतर गटाचं दार. जो देश घरात माणसांना माणूस म्हणून वागवतो, तो बाहेरही खोटे शब्द वापरायचं सोडून देतो.

ही क्रांती युरोपच्या अटीमुळे झाली असं मात्र मी म्हणणार नाही. ती पोर्तुगालच्या लोकांनी आणि आफ्रिकेतल्या युद्धांना कंटाळलेल्या सैनिकांनी केली. पण नंतर पाय घसरू नये म्हणून त्या अटीचा आधार झाला, एवढं नक्की.

'हे कोण आम्हाला विचारणारे?'

इथे कोणीही शहाणा पालक एक शंका काढेल. ज्यांनी स्वतः जगभर वसाहती केल्या, ते युरोपातले देश दुसऱ्याला मानवी हक्क शिकवणार? शंका रास्त आहे. तुर्कस्तानात आज हाच सूर ऐकू येतो.

तुर्कस्तानने १९८७ मध्ये सदस्यत्वासाठी अर्ज केला. १९९९ मध्ये उमेदवार म्हणून मान्यता मिळाली, २००५ मध्ये बोलणी सुरू झाली. त्या काळात तिथे खरोखर बदल झाले. फाशीची शिक्षा रद्द झाली. ज्या कुर्दी भाषेवर वर्षानुवर्षं बंधनं होती, त्या भाषेत २००९ मध्ये सरकारी दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली. भाषेच्या शिक्षकाला याचं मोल वेगळं सांगायला नको. पण युरोपातलेच काही नेते 'तुर्कस्तानला घ्यायचंच नाही' असं उघडपणे म्हणू लागले. २०१६ मध्ये तिथे लष्करी बंडाचा प्रयत्न झाला. त्यानंतरच्या आणीबाणीत हजारो शिक्षकांना सरकारी हुकमाने नोकरीवरून काढलं, कितीतरी पत्रकार तुरुंगात गेले. २०१८ मध्ये युरोपीय संघाने बोलणी थांबल्यातच जमा आहेत असं जाहीर केलं.

यात चूक कोणाची? माणसांना तुरुंगात टाकलं, ती जबाबदारी तिथल्या सरकारची. पण ज्यांनी दारावर अट सांगितली आणि मग 'अट पूर्ण केली तरी बघू' असं म्हटलं, त्यांनी त्या सरकारला आयतं कारण दिलं. परीक्षा घ्यायची तर निकाल प्रामाणिकपणे लावावा लागतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

दुसरी अडचण हंगेरीने दाखवली. हा देश २००४ मध्ये युरोपीय संघात आला. आत आल्यावर तिथे न्यायालयं आणि वर्तमानपत्रांवर दबाव वाढला, अशी तक्रार होऊ लागली आणि २०१८ मध्ये युरोपीय संसदेने कारवाईची मागणी केली. पण सभासदाला बाहेर काढायची सोय त्या संघाच्या नियमात नाही. म्हणजे दारावर विचारलं आणि नंतर विचारायचं सोडलं, तरी भागत नाही.

तरीसुद्धा माझं मत असं की प्रश्न विचारलाच पाहिजे. विचारणारा पूर्ण निर्दोष नसेल. पण विचारलंच नाही तर किंमत कोण मोजतं? १९४९ च्या दारावर तो प्रश्न विचारला गेला नाही. पुढची बारा वर्षं त्याची किंमत गोव्याच्या माणसांनी मोजली, आणि रानडे सरांनी त्याहूनही जास्त.

आपल्यालाही प्रश्न विचारला गेला होता

हा प्रश्न फक्त दुसऱ्यांना विचारायचा नसतो. मुक्तीनंतर गोव्यात १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली. दयानंद बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा ही त्या पक्षाची भूमिका होती. आपल्याकडेही खूप जणांना तसंच वाटत होतं. निवडून आलेलं सरकार आहे म्हटल्यावर ठराव केला आणि काम संपलं, असं करता आलं असतं. पण तसं झालं नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या लोकांनाच विचारलं गेलं. विलीन व्हायचं असेल तर फुलाचं चिन्ह, वेगळं राहायचं असेल तर दोन पानांचं. हे मतदान नि:पक्षपाती व्हावं म्हणून बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला होता.

विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली आणि वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. म्हणजे ३४,०२१ मतांनी विलीनीकरणाचा पराभव झाला. आणि लगेच त्याच वर्षीच्या निवडणुकीत लोकांनी बांदोडकरांनाच पुन्हा मुख्यमंत्री केलं! 'तुम्ही आम्हाला हवे, पण तुमचं हे म्हणणं नको,' असं लोक मतपेटीतून किती स्पष्ट बोलतात बघा.

मराठी माणूस म्हणून त्या निकालाने कोणाला वाईट वाटलं असेल, तर ते समजू शकतं. पण साडेचारशे वर्षांत पोर्तुगिजांनी गोव्याच्या माणसाला एकदाही विचारलं नाही की तुला काय हवं. आपल्या देशाने पाच वर्षांत विचारलं, आणि उत्तर आपल्या मनासारखं नसताना ते मान्यही केलं. माझ्या मते त्या मतदानातला पराभव हा आपल्या लोकशाहीचा विजय आहे आणि तो आपण वर्गात अभिमानाने शिकवला पाहिजे.

वर्गात काय करता येईल?

लोकशाहीची वैशिष्ट्यं पाठ करून मुलं गुण मिळवतात. त्याला माझी ना नाही. पण सोबत थोडं वेगळंही करून बघावं, असं सुचवते.

एक, 'दारावरचा प्रश्न' हा खेळ. चार-पाच मुलांचा गट करायचा, एक मूल नवा सभासद म्हणून येईल. गटाने तीनच प्रश्न ठरवायचे. तिसरी-चौथीची मुलंही भन्नाट प्रश्न काढतात. माझ्या वर्गात एका मुलीने नव्या सभासदाला विचारलं, "तुझ्या घरी सगळ्यात लहान असतो त्याचं कोणी ऐकते का?" मानवी हक्कांची याहून सोपी व्याख्या मला तरी सुचली नसती.

दोन, शब्दांचा खेळ. 'वसाहत' आणि 'प्रांत', 'सत्याग्रही' आणि 'घुसखोर', 'बंड' आणि 'स्वातंत्र्यलढा' अशा जोड्या फळ्यावर लिहायच्या. हा शब्द कोण वापरेल, हे मुलांना विचारायचं. पुढे वर्तमानपत्र वाचताना त्यांना याचा फायदा होतो.

तीन, हे पालकांसाठी. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत. कागदावर त्या असतातच. पण मीटिंगमध्ये रजिस्टर फिरतं, सह्या होतात, चहा होतो. मजुरीला जाणाऱ्या आईला कोणी विचारतं का, की बाई, तुमचं काय म्हणणं? सालाझारच्या देशातही निवडणूक कागदावर होतीच. सही आणि मत यांत जेवढं अंतर आहे, तेवढंच कागदावरच्या आणि खऱ्या लोकशाहीत आहे.

तेव्हा येत्या १९ डिसेंबरच्या परिपाठात सैन्याच्या शौर्याबरोबर आणखी पाच मिनिटं घ्या. कोणता देश मोठा, कोणाचं सैन्य मोठं, हे मुलांना आपोआप कळतं. तो देश आपल्या माणसांना विचारतो का, आणि आवडलं नाही तरी उत्तर ऐकून घेतो का, हे मात्र त्यांना आपणच शिकवावं लागेल.